गाठ, तिचा शेजार आणि उंदरांची साक्ष

कर्करोगावरील किरणोपचाराची सार्वजनिक चर्चा बहुधा यंत्राभोवती फिरते. अमुक रुग्णालयात नवे यंत्र आले, त्याचे किरण सुईच्या टोकाइतके अचूक आहेत, पूर्वी सहा आठवडे चालणारा उपचार आता चार-पाच दिवसांत उरकतो, अशा बातम्या वाचून सामान्य वाचकाच्या मनात एक चित्र उभे राहते. एका बाजूला शत्रूपेशींची गाठ, दुसऱ्या बाजूला किरण, आणि मध्ये काहीच नाही. या चित्रात गाठ एकटी असते. वस्तुतः कोणतीच गाठ एकटी नसते. तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या, त्या वाहिन्यांचे अस्तर झालेल्या पेशी, आधार देणाऱ्या तंतुपेशी, मृत अवशेष गिळणाऱ्या भक्षकपेशी आणि शरीराच्या पहाऱ्यावरील टी-पेशी यांचा दाट शेजार तिच्याभोवती आणि तिच्या आतही वसलेला असतो. काही गाठींमध्ये तर कर्कपेशींपेक्षा या शेजाऱ्यांचीच संख्या अधिक भरते.

मग किरण पडल्यावर गाठ मरते ती कशामुळे? तिच्या स्वतःच्या पेशी मारल्या जातात म्हणून, की तिला पोसणारा शेजार उद्ध्वस्त होतो म्हणून? प्रश्न वरकरणी केवळ शास्त्रीय आहे. परंतु रुग्णाने किती दिवस यंत्राखाली निजायचे, किरणांच्या जोडीला कोणते औषध विकत घ्यायचे आणि त्यासाठी एखाद्या कुटुंबाने काय गहाण टाकायचे, हे काही अंशी याच उत्तरावर ठरते. म्हणून उंदरांवरील प्रयोगांची ही दीर्घ हकीकत केवळ तज्ज्ञांपुरती ठेवणे योग्य नव्हे.

शेजाराचा विचार नवा नाही. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोगाचे बी रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचत असताना यकृतात ते वारंवार रुजते आणि प्लीहेत क्वचितच, असे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी उत्तर दिले ते बी आणि जमीन यांच्या भाषेत. बी सर्वत्र पडते, पण अनुकूल जमिनीतच उगवते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तथापि दृष्टान्त हा पुरावा नव्हे. अर्थशास्त्रात प्रत्येक सिद्धान्ताला ‘इतर परिस्थिती समान असता’ अशी एक अट जोडलेली असते. समाजात ही अट कधीच पुरी होत नाही. प्रयोगशाळेतील उंदरात मात्र ती पुष्कळ अंशी पुरी करता येते, म्हणजे बी तेच ठेवून जमीन बदलता येते, अथवा जमीन तीच ठेवून बी बदलता येते. उंदराच्या साक्षीचे मोल एवढ्यातच आहे, आणि तिची मर्यादाही येथूनच सुरू होते.

शेजाराचा पहिला निःसंदिग्ध पुरावा मिळाला तो प्राणवायूच्या रूपाने. किरणांची मात्रा आज ज्यांच्या नावाने मोजली जाते ते लुई हॅरल्ड ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली इंग्लंडमध्ये दाखवून दिले की, प्राणवायू न मिळणाऱ्या पेशींना मारण्यासाठी सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी माणसाच्या फुप्फुसातील गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाच-सहा भागांपैकी एका भागाइतक्या अंतरापलीकडे पेशी मेलेल्या आढळत. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर अर्धपोटी पेशींचा एक पट्टा असणार, आणि तोच किरणांना दाद देणार नाही, हे अनुमान त्यातून निघाले. १९६३ मध्ये पॉवर्स व टॉलमॅक यांनी उंदराच्या एका लसिका-अर्बुदात हे प्रत्यक्ष दाखविले. बहुसंख्य पेशी थोड्या मात्रेने मरत, पण सुमारे शेकडा एक एवढाच प्राणवायूवंचित अंश चिवटपणे टिकून राही. गाठ पुन्हा उगवण्यास तेवढा अंश पुरेसा असतो.

या शोधाचा व्यवहारातील अर्थ फार मोठा होता. कॅलमन आणि व्हॅन पुटेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या गाठींत दाखविले की, किरणांचा हप्ता दिल्यानंतर उरलेल्या वंचित पेशींना पुन्हा प्राणवायू मिळू लागतो आणि पुढच्या हप्त्याला त्या बळी पडू शकतात. रुग्णाला रोज थोडी थोडी मात्रा अनेक आठवडे देण्याच्या पद्धतीला जे शास्त्रीय आधार आहेत, त्यांपैकी हा एक होय. म्हणजे गावाकडून शहरात येऊन धर्मशाळेत महिना-दीड महिना राहणारा रुग्ण ज्या वेळापत्रकाने बांधलेला असतो, त्यामागे गाठीच्या शेजारातील एका रक्तवाहिनीचे अंतर उभे आहे.

दुसरा शेजारी प्रतिकारशक्तीचा. १९७९ मध्ये ह्यूस्टन येथे स्टोन, पीटर्स आणि मिलास यांनी उंदरांचे दोन गट घेतले. गाठ तीच, एका फायब्रोसार्कोमाची. एका गटाची प्रतिकारयंत्रणा शाबूत होती, तर दुसऱ्या गटातील उंदीर टी-पेशींना वंचित केलेले होते. निम्म्या उंदरांची गाठ समूळ बरी करण्यासाठी दुसऱ्या गटाला पहिल्याच्या दुपटीहून अधिक मात्रा द्यावी लागली. किरणांनी जे काम आपण एकट्याने केले असे भासविले होते, त्यातील मोठा वाटा शरीराच्या पहारेकऱ्यांचा होता. हा निष्कर्ष त्या काळी फारसा गाजला नाही. पुढे २००९ मध्ये शिकागोतील संशोधकांनी उंदरांच्या मेलॅनोमावर अशाच दिशेचा पुरावा मांडला, तेव्हा कोठे या प्रश्नाकडे पुन्हा सर्वांचे लक्ष वळले.

तिसऱ्या शेजाऱ्याची कथा सर्वांत वादग्रस्त आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद आहे. २००३ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतील गार्सिया-बारोस, फुक्स, कोलेस्निक आदींनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या शरीरात एका विशिष्ट विकराचे जनुक नव्हते, असे उंदीर त्यांनी घेतले. या उंदरांच्या रक्तवाहिन्यांतील अस्तर-पेशी सहजासहजी मरत नाहीत. अशा उंदरांत रुजविलेल्या फायब्रोसार्कोमा व मेलॅनोमाच्या गाठी सामान्य उंदरांतील गाठींपेक्षा कित्येक पट वेगाने वाढल्या, आणि २० ग्रेपर्यंतच्या एकरकमी मात्रेलाही त्या पुरून उरल्या. बी तेच, जमीन बदलली आणि निकाल उलटा झाला. यावरून लेखकांनी सिद्धान्त मांडला की, गाठीचे भवितव्य ठरते ते मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या मृत्यूने.

हा सिद्धान्त आकर्षक होता यात शंका नाही. व्यक्तीपेक्षा परिस्थितीकडे बोट दाखविणारे कोणतेही स्पष्टीकरण पुरोगामी मनाला लवकर पटते. यंत्रे बनविणाऱ्यांना त्याचे आकर्षण वेगळ्या कारणाने वाटणे शक्य होते. मोठी मात्रा एकदम दिली की एक वेगळीच, पूर्वी न ओळखलेली यंत्रणा कामाला लागते, असे म्हणता येत असेल, तर मोठी मात्रा अचूकपणे देणाऱ्या महाग यंत्राला शास्त्राचे पाठबळ आपोआप मिळते. परंतु पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात बोस्टनच्या सूट व विलर्स यांनी, आणि मार्टिन ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निष्कर्षावर आक्षेप नोंदविले. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या उंदरात एखादे जनुक मुळातच नाही, त्याच्या केवळ रक्तवाहिन्या वेगळ्या नसतात. त्याचा सारा देह वेगळा असतो. ‘इतर परिस्थिती समान’ ही अट तेथेच मोडते.

बोस्टनकरांच्या आक्षेपामागे पूर्वीचा अनुभव होता. १९९३ मध्ये बुडाख, सूट आदींनी नेमका उलटा प्रयोग केला होता. ‘स्किड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंदरांत जनुकसूत्राचे तुटलेले धागे सांधण्याची शक्ती दुबळी असते; त्यामुळे त्यांच्या शरीरातील पेशी किरणांना सुमारे अडीच-तीन पट अधिक बळी पडतात. गाठीचे मरण शेजाऱ्यांच्या मरणावर अवलंबून असेल, तर अशा दुबळ्या शेजारात वाढलेली गाठ थोड्या मात्रेत बरी व्हावयास हवी. तसे झाले नाही. गाठ समूळ नष्ट करण्यास लागणारी मात्रा दुबळ्या आणि सबळ शेजारात जवळपास सारखीच राहिली. २००६ मध्ये गर्वेक आणि सहकाऱ्यांनी गाठीच्या पेशींची स्वतःची किरणसंवेदनशीलता बदलून पाहिली, तेव्हा मात्र निकाल ठळकपणे बदलला.

वादाचा निकाल लावण्यासाठी अधिक नेमके हत्यार हवे होते. ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मोडिंग, कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविले. जनुके कापण्याच्या दोन स्वतंत्र कात्र्या एकाच उंदरात बसवून एकीने उंदराच्या स्वतःच्या स्नायूत गाठ निर्माण करायची आणि दुसरीने हवे ते जनुक फक्त अस्तर-पेशींतून, किंवा फक्त कर्कपेशींतून काढून टाकायचे, अशी ती युक्ती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता : पेशीमृत्यू घडविणारे एक जनुक अस्तर-पेशींतून काढले, तरी गाठीच्या प्रतिसादात फरक पडला नाही. नुकसान दुरुस्त करणारे जनुक अस्तर-पेशींतून काढले, तेव्हा त्या पेशी किरणांनी अधिक प्रमाणात मेल्या, पण गाठ काही अधिक प्रमाणात नष्ट झाली नाही. तेच जनुक कर्कपेशींतून काढल्यावर मात्र गाठी अधिक प्रमाणात नष्ट झाल्या. शेजारी मेला, पण घरमालक तगला. निदान या सार्कोमापुरते तरी रक्तवाहिनीचे अस्तर हे गाठीच्या मरणाचे मुख्य कारण नव्हे, असे म्हणणे भाग आहे. त्याआधी वर्षभर, २०१४ मध्ये, ब्राऊन, कार्लसन आणि ब्रेनर यांनी रुग्णांच्या आकडेवारीवरून असे प्रतिपादन केले होते की, अचूक मोठ्या मात्रेचे यश समजून घेण्यास नव्या यंत्रणेची गरज नाही. तेथे गाठीला प्रत्यक्षात अधिक मात्रा मिळते, एवढे कारण पुरेसे आहे.

याचा अर्थ शेजार निरर्थक ठरला काय? तसा निष्कर्ष काढणे ही दुसरी घाई होईल. कारण प्रयोगाची मांडणीच पुष्कळदा उत्तर आधी ठरवून टाकते. माणसाची गाठ उंदरात रुजावी म्हणून ‘नग्न’ उंदीर वापरले जातात, म्हणजे ज्यांना केस नाहीत आणि थायमस ग्रंथीच्या अभावी कार्यक्षम टी-पेशीही नाहीत. स्किड उंदरांतही हीच उणीव असते. पहारेकऱ्यांना आधीच घराबाहेर काढून मग ‘पहारेकऱ्यांचा काही उपयोग दिसला नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. १९९३ चा प्रयोग अस्तर आणि तंतुपेशी यांच्याविषयी बोलतो. १९७९ चा प्रयोग टी-पेशींविषयी बोलतो. दोघांत विरोध नाही. ‘शेजार’ या एका शब्दाखाली आपण अनेक घरे एकत्र मोजतो, ही खरी चूक आहे. शिवाय त्वचेखाली टोचलेली आणि काही दिवसांत वाढणारी गाठ, आणि माणसाच्या देहात वर्षानुवर्षे शेजाराशी संगनमत करीत वाढलेली गाठ, यांतील अंतरही विसरता येत नाही.

शेजाऱ्याची भूमिका कायम एकच राहते असेही नाही. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या किओई, ब्राऊन आदींनी उंदरांच्या मेंदूतील गाठीवर किरण सोडून पुढे काय होते ते पाहिले. किरणांनी गाठीतील रक्तवाहिन्या निकामी झाल्यावर अस्थिमज्जेतून निघालेल्या पेशी तेथे येऊन रक्तपुरवठा पुन्हा उभा करीत. त्यांना बोलावणारा रासायनिक संदेश औषधाने अडविला, तेव्हा उंदरांतील गाठ पुन्हा उगवली नाही. याउलट बर्कली येथे बार्सेलोस-हॉफ व रवानी यांनी २००० साली उंदराच्या स्तनातील रिकाम्या केलेल्या जागेवर आधी ४ ग्रे मात्रा टाकली आणि नंतर तेथे किरण न लागलेल्या, पण कर्काच्या उंबरठ्यावरील पेशी रुजविल्या. किरण लागलेल्या जमिनीत गाठी अधिक प्रमाणात उगवल्या. दुसऱ्या काही प्रयोगांत मात्र आधी किरण दिलेल्या जागेत रुजविलेली गाठ मंद गतीने वाढते, असे फार पूर्वीपासून दिसत आले आहे. म्हणजे जमीन किरणांनी नापीक होते आणि कधी तणाला पोषकही होते. कोणत्या जमिनीत, कोणते बी, किती मात्रेनंतर, हे विचारल्याशिवाय सर्वसाधारण विधान करणे धोक्याचे आहे.

उंदरांकडून माणसाकडे येताना हा धोका पैशांत आणि आयुष्यांत मोजावा लागतो. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर किरण आणि नेहमीचे औषध यांच्या जोडीला, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब हे महाग औषध द्यावे काय, याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रोग बळावण्यास काहीसा विलंब लागला, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या औषधांचा अनुभव संमिश्र आहे. फुप्फुसाच्या शस्त्रक्रिया न करता येण्याजोग्या कर्करोगात किरण व रसायनोपचार संपल्यानंतर दुर्व्हालुमॅब दिल्याने रुग्णांचा लाभ झाला, असे २०१७ पासूनच्या निष्कर्षांतून सिद्ध झाले. डोके व मान यांच्या कर्करोगात त्याच वर्गातील अव्हेलुमॅब किरणोपचाराबरोबर व नंतर दिले, तेव्हा लाभ झाला नाही, असे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. शेजारी तोच, टी-पेशी. पण गाठ वेगळी, वेळ वेगळी आणि निकालही वेगळा. उंदराने दिशा दाखविली. अंतर मात्र माणसावरील चाचणीनेच मोजता आले.

येथे विज्ञानाइतकाच प्रश्न व्यवस्थेचा आहे. एखादी यंत्रणा उंदरात दिसली की तिच्याभोवती औषध, यंत्र आणि जाहिरात यांची रांग लागते. ती दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकली नाही, ही वार्ता मात्र तितक्या वेगाने पसरत नाही. खंडन करणाऱ्या प्रयोगाला गिऱ्हाईक नसते. कमी मात्रा पुरेल का, कमी दिवस पुरतील का, औषध वगळले तर काय होईल, हे प्रश्न विचारण्यात विक्रेत्याचा स्वार्थ नसतो. म्हणून ते सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थांनीच विचारावे लागतात. असा प्रश्न विचारता येतो याचे उदाहरण मुंबईतच आहे. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात, बरे होण्याची आशा सरलेल्या रुग्णांना निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीचे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, देऊन टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी चाचणी घेतली. तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांना या अल्प मात्रेची जोड दिल्यावर वर्षाअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ही चाचणी किरणोपचाराची नव्हती, हे खरे. पण कोणता शेजारी किती खर्चात आपल्या बाजूला वळविता येईल, हा प्रश्न ज्याला बाजारभाव सोसत नाही त्यानेच प्रथम विचारला, हे नोंदविण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की, रुग्ण आज मरत असताना शास्त्रज्ञांनी वीस-पंचवीस वर्षे वाद घालीत बसावे काय? आक्षेप कळकळीचा आहे, पण तो नेम चुकवितो. २००३ च्या प्रबंधापासून २०१५ च्या उत्तरापर्यंत बारा वर्षे गेली. त्यातील काही काळ वाचविता आला असता, तो घाईने नव्हे, तर खंडनाच्या प्रयोगांना प्रतिष्ठा व पैसा देऊन. उंदरांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. ज्या मांडणीतून उत्तर निघणारच नाही, अशा प्रयोगात जीव खर्ची घालणे क्रूरपणाचे आणि उधळपट्टीचेही आहे.

तात्पर्य, गाठीचा शेजार महत्त्वाचा आहे. पण ‘शेजार’ हे उत्तर नव्हे, तो प्रश्नांचा जुडगा आहे. प्राणवायूची साक्ष सर्वांत भक्कम आहे. टी-पेशींची साक्ष मजबूत आहे, पण ती प्रत्येक गाठीसाठी स्वतंत्रपणे तपासावी लागते. रक्तवाहिनीच्या अस्तराची साक्ष उलटतपासणीत डळमळली आहे. परिस्थितीचे माहात्म्य मानणाऱ्यांवर तर ती परिस्थिती नेमकी कोणती हे शोधण्याची जबाबदारी अधिकच पडते. उद्या नवे यंत्र वा नवे औषध ‘गाठीच्या परिसरावर हल्ला करते’ असे सांगत कोणी दाराशी आले, तर रुग्णालयाच्या खरेदी समितीने, शासनाच्या योजनेने आणि जागरूक कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत : कोणता शेजारी, कोणत्या उंदरात, आणि माणसात त्याचे आयुष्य किती वाढले? तिसऱ्याचे उत्तर हाती येईपर्यंत गरिबाच्या खिशाला हात लावण्याचा अधिकार पहिल्या दोघांना पोहोचत नाही.